फ्यूज एकदम ओके होता

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी मिलच्या कँटीनमध्ये हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला आणि तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. उगाच माझ्यावर आळ नको.

तर ही माझी फजिती. आणि फजिती तरी कशात व्हावी? विजेच्या कामात. म्हणजे तापी पोहून जाणारा माणूस घरच्या बादलीत बुडावा, तसं झालं.

मी कोण ते आधी सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला मजा यायची नाही. मी सुरेश. गाव अमळनेरच्या पलीकडचं, मुक्काम सुरत, डिंडोली. बावीस वर्षं झाली, पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये वायरमन आहे. चारशे चाळीस व्होल्ट रोज माझ्या हाताखालून जातात. कापड रंगवायची मशीन बंद पडली की शेठ स्वतःच्या मुलाला बोलवत नाही, मला बोलवतो. त्याचं ठरलेलं वाक्य आहे, "सुरेशने बोलावो, लाइट एनी मेळे आवी जशे." सुरेशला बोलवा, लाइट आपोआप येईल. हे वाक्य मी घरी महिन्यातून चार वेळा तरी सांगतो. बायको म्हणते, आठ वेळा.

बायको लता. आणि मुलगी मयुरी. मयुरी आयटीआयला आहे, आणि ट्रेड कोणता घेतला असेल? इलेक्ट्रिशियन. अख्ख्या वर्गात मुली दोन. तिने फॉर्म भरला तेव्हा धुळ्याहून माझ्या मेहुण्याचा फोन आला होता. "दाजी, पोरीला खांबावर चढवणार आहे का?" मी म्हणालो, "चढेल की. आणि तुझ्या घरची लाइट गेली तर तुला तिलाच फोन करावा लागेल." फोन ठेवला आणि छाती एवढी फुगली की शर्टाचं बटण तेवढं तुटायचं राहिलं.

तर त्या दिवशी मयुरीची शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा होती. सेंटर उधना दरवाज्याच्या पलीकडे. सकाळी नऊच्या आत हजर व्हायचं, नऊला गेट बंद. एक मिनिट उशीर झाला तरी आत घेत नाहीत, आणि ही परीक्षा हुकली की वर्ष गेलं. कॉलेजवाल्यांनी हे मुलांना इतक्या वेळा बजावलं होतं की पोरगी दोन दिवस नीट जेवली नव्हती.

लताचं म्हणणं साधं होतं. "तिले रिक्षामा जाऊ द्या."

"रिक्षात?" मी म्हणालो. "बाप जिवंत असताना?"

मी मिलमधून मुद्दाम सुट्टी टाकली होती. पोरीला परीक्षेला मी नेणार, माझ्या गाडीवर. गाडी आणि मयुरी एकाच वर्षातल्या. गाडीचा रंग उडालाय, सायलेन्सरला दोन ठिकाणी टाके आहेत, पण माझ्या हातची गाडी आहे. एकोणीस वर्षांत तिला बाहेरच्या मेकॅनिकने हात लावलेला नाही. निदान विजेच्या कामासाठी तरी नाही.

एवढंच नाही, आदल्या संध्याकाळी मी गाडीची जय्यत तयारी केली. हँडलला मोबाईल चार्ज करायचं सॉकेट बसवलं. एवढ्या महत्त्वाच्या दिवशी पोरीचा मोबाईल उतरला तर? बाप आहे मी, मला सगळा विचार करावा लागतो. त्या कामात गाडीचा फ्यूजही बघून घेतला. जुन्या गाडीचा फ्यूज तुम्ही पाहिला असेल. बोटाच्या पेराएवढी काचेची नळी, दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या, आत केसासारखी तार. ती तार तुटली की गाडीचा सगळा करंट बंद. मी ती नळी बल्बच्या उजेडात धरली, एक डोळा मिटला, निरखून पाहिली. तार शाबूत. ओके. मग सॉकेटच्या वायरी जोडल्या, टेप मारली. फ्यूजची काळी डबी असते, तिचं झाकण नीट दाबून बसवलं, वरून साइडचं कव्हर लावलं. तेवढ्यात लताने जेवायला हाक मारली. हात धुतले आणि पानावर बसलो.

असं चोख काम. तुम्हीच सांगा, यात कुठे काही चूक दिसते का?

सकाळी साडेसातला आम्ही ओट्यावर आलो. मयुरीच्या गळ्यात आयडी कार्ड, हातात टूलकिटची पिशवी. लताने तिच्या हातावर दही-साखर ठेवली. मी रुबाबात गाडीवर बसलो, चावी फिरवली.

काही नाही.

म्हणजे नेहमी मीटरवर हिरवा दिवा लागतो, तो नाही. हॉर्न दाबला, आवाज नाही. इंडिकेटर नाही. सेल्फ मारला, साधी टिक नाही. किक मारली, एक, दोन, पंधरा. या गाडीचं असं आहे की बॅटरीचा करंट असल्याशिवाय ठिणगीच पडत नाही, त्यामुळे किक मारून नुसता पाय दुखतो. मला हे माहीत आहे. तरी मारल्या. बायको आणि मुलगी बघत असताना माणूस किक मारतोच.

"काय व्हयनं?" लताने विचारलं.

"काही नाही. सप्लाय गेलाय. दोन मिनिटं."

"मी रिक्षा देखू का?"

"अगं, मी कोण आहे? वायरमन आहे ना? दोन मिनिटं म्हटलं ना."

मयुरी म्हणाली, "पप्पा, फ्यूज बघितला?"

आता बघा, हा प्रश्न तिने पहिल्या मिनिटाला विचारला. पहिल्या. हे मी लपवत नाही.

मी हसलो. प्रेमाने हसलो, पण हसलो. "बेटा, फ्यूज मी कालच बघितला. हातात घेऊन, उजेडात धरून. एकदम ओके आहे. आणि फ्यूज बघणं हे शिकाऊ माणसाचं काम. अनुभवी माणूस गाडीचा आवाज ऐकूनच सांगतो काय झालंय."

"पण आवाज येतच नाहीये."

"म्हणूनच सांगतो, बॅटरी."

साइडचं कव्हर काढलं, सीट काढली. मिलचा व्होल्ट मोजायचा मीटर घरात असतोच, तो लावला. बॅटरी साडेबारा व्होल्ट. म्हणजे ठणठणीत. दुसरा कोणी असता तर बॅटरीचा नाद सोडून पुढे गेला असता. पण मी बावीस वर्षांचा अनुभवी ना. मला माहीत आहे की नुसत्या मीटरवर जाऊ नये. काही बॅटऱ्या मीटरला चांगल्या दिसतात आणि लोड दिला की मान टाकतात. दुसरी बॅटरी लावून बघितल्याशिवाय खात्री नाही.

एवढ्यात समोरच्या रो-हाउसमधून जयेशभाई आले. साड्यांना लेस लावायचं काम करतात, भला माणूस. हातात दात घासायचा ब्रश.

"शुं थयुं, सुरेशभाई?"

"कांई नथी. बे मिनिट."

"छोकरीने परीक्षा छे ने? मारी स्कूटर लई जाओ." त्यांनी खिशातून चावी काढून पुढे केली.

माणूस स्वतःची चालू स्कूटर देतोय. टाकी भरलेली, हवा भरलेली. पोरीला बसवलं असतं तर आठ सव्वाआठला आम्ही सेंटरच्या गेटवर असतो. आणि मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "स्कूटर नथी जोईती, जयेशभाई. एनी बॅटरी आपो."

जयेशभाईंनी तोपर्यंत ब्रश पुन्हा तोंडात घातला होता, त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही. पाच मिनिटांत त्यांची स्कूटर उघडून बॅटरी माझ्या गाडीला लावली. चावी फिरवली. काही नाही. म्हणजे माझं निदान बरोबर निघालं. बॅटरी चांगली आहे, हे सिद्ध झालं.

फक्त त्यांची बॅटरी परत लावताना एक छोटा घोटाळा झाला. टर्मिनलचा बारका नट हातातून सटकला, ओट्यावरून टप्पा खाल्ला आणि गटारीच्या जाळीतून आत गेला. त्या नटाशिवाय बॅटरीची वायर बसत नाही. म्हणजे आता सोसायटीत बंद गाड्या दोन.

जयेशभाईंनी गटारीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड धुवायला घरात गेले.

"पप्पा, सात पंचावन्न झाले," मयुरी म्हणाली.

"झालंच. आता कळलंय मला. चावीचा स्विच गेलाय."

खरं सांगतो, मला तेव्हा घाई वाटतच नव्हती. कामात हात घातला की माझं असंच होतं. मिलमध्ये शेठ मागे उभा राहून ओरडत असतो आणि मी शांतपणे एकेक वायर सोडवत असतो. हा माझा गुण आहे असं मला त्या सकाळपर्यंत वाटायचं. चावीचा स्विच सोडवला, त्याच्या दोन वायरी थेट एकमेकींना जोडल्या. आता चावी असो नसो, करंट यायलाच हवा.

नाही आला.

तोपर्यंत ओट्यासमोर माणसं जमली होती. डिंडोलीत सकाळी आठला रस्त्यात कोणी नुसता पाना हातात घेऊन उभा राहिला तरी पाच जण थांबतात, आणि इथे तर अर्धी गाडी चादरीवर मांडलेली. पांडेसऱ्याला पहिल्या पाळीला निघालेले दोघं डबे हातात घेऊन उभे राहिले. गल्लीतले एक काका म्हणाले, गाडीला नजर लागली असेल. दुसरा म्हणाला, भंगारात द्या. हे शेवटचं माझ्या फार जिव्हारी लागलं.

मग मी सगळ्यांना समजावून सांगायला लागलो. हो, समजावून. हातात मीटर, समोर माणसं, मागे विद्यार्थिनी, माझी गाडी सुटलीच. "हे बघा, करंट म्हणजे पाण्यासारखा. टाकी भरलेली आहे, नळाला पाणी नाही. म्हणजे मधला पाइप फुटलाय. आतून वायर तुटलीये, बाहेरून दिसत नाही. ती शोधायला पेट्रोलची टाकी उतरवावी लागेल."

आणि टाकी उतरवली.

त्यातही एक शक्कल लढवली. हॉर्नची वायर थेट जोडून ठेवली, मधलं बटणच काढून टाकलं. म्हणजे मी वायरी हलवत जायचं आणि ज्या क्षणी तुटलेलं टोक जुळेल, त्या क्षणी हॉर्न वाजेल. वेगळा मीटर बघायला नको. ही पद्धत माझी स्वतःची आहे. गर्दीतला एक डबेवाला मान डोलवत म्हणाला, "डोकं आहे हां यांना." मी त्याच्याकडे बघितलंच नाही, पण ऐकलं.

मयुरी माझ्या शेजारी उकिडवी बसली. तिने मीटर माझ्या हातातून हळूच घेतला. ती घाबरलेली होती. पण आवाज शांत होता.

"पप्पा, बॅटरीपाशी बारा येतात. स्विचपाशी शून्य. मधे काय असतं?"

"मधे वायर असते."

"आणि?"

"आणि फ्यूज असतो. आणि फ्यूज ओके आहे. मी काल माझ्या डोळ्यांनी पाहिलाय, मयुरी. एकच गोष्ट किती वेळा सांगायची?"

जरा जोरात बोललो. चारचौघांत बोललो. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

तिने बॅटरीमागे हात घातला, फ्यूजची काळी डबी बाहेर ओढली आणि नखाने झाकण उघडलं. आत पाहिलं. मग झाकण पुन्हा बंद केलं. अगदी सावकाश, जशी नवरीच्या दागिन्यांची डबी बंद करतात तसं. मग माझ्या कानाशी येऊन इतक्या हळू आवाजात बोलली की गर्दीतल्या एकालाही ऐकू गेलं नसेल.

"पप्पा, काल अंगात कोणता शर्ट होता?"

आता हे तुम्हाला समजायचं नाही. ते समजायला मिलमधला वायरमन असावं लागतं किंवा वायरमनची पोरगी.

आमच्याकडे एक नियम आहे. मशीनवर काम करायचं तर आधी तिचा फ्यूज काढायचा, आणि काढलेला फ्यूज टेबलावर नाही, पॅनलवर नाही, स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवायचा. का? तर तुम्ही मशीनच्या पोटात हात घालून बसलेले असता आणि तिकडे कोणीतरी शहाणा येऊन स्विच चालू करतो. फ्यूज तुमच्या खिशात असेल तर तो कितीही स्विच दाबू दे, करंट येणारच नाही. खिशात फ्यूज म्हणजे घरी परत जायची हमी. उस्तादाने हे मला थोबाडीत मारून शिकवलं होतं. मी मयुरीला न मारता शिकवलं, पण शंभर वेळा. बावीस वर्षांत हा हात एकदाही चुकलेला नाही. फ्यूज निघाला की हात आपोआप खिशाकडे जातो, डोक्याला विचारतसुद्धा नाही.

आणि आदल्या संध्याकाळी, माझ्याच ओट्यावर, बारा व्होल्टच्या गाडीला सॉकेट बसवताना, जिथे चारशे चाळीस नाही की स्विच चालू करणारा शहाणा नाही, जिथल्या करंटने मुंगीही मरत नाही, तिथे मी फ्यूज काढला, उजेडात पाहिला, ओके म्हणालो आणि जिवाची काळजी घेत खिशात ठेवला. रिकाम्या डबीचं झाकण मात्र काय सुंदर दाबून बसवलं होतं.

म्हणजे मी सकाळपासून जे बोलत होतो ते शंभर टक्के खरं होतं. फ्यूज एकदम ओके होता. फक्त तो गाडीत नव्हता.

मी मान वर न करता लताला विचारलं, "माझा कालचा शर्ट कुठे आहे?"

"कसाले?"

"असंच."

"तो ते बादलीमा शे. भिजी ऱ्हायना." मग तिने चादरीवर मांडलेल्या गाडीकडे बघितलं. "आते काय शर्ट बदलीसन जानं शे का?"

मयुरी आत पळाली. बाहेर आली तेव्हा तिच्या मुठीत ती काचेची नळी होती, साबणाचा फेस लागलेली. ओढणीने पुसली, टोप्या कोरड्या केल्या, फुंकर मारली आणि माझ्या हातात दिली. गर्दीकडे तिने पाठ केलेली होती, म्हणजे कोणाला काही दिसायला नको. एकोणीस वर्षांची पोर बापाची अब्रू झाकत होती. मला भरून आलं, पण ते दाखवायला वेळ नव्हता.

मी फ्यूज डबीत बसवला.

आणि हॉर्न वाजायला लागला.

बटण मी काढून टाकलेलं, चावीचा स्विच थेट जोडलेला. मग तो थांबणार कसा? मी हॉर्नची वायर शोधतोय तर हाताला इंडिकेटरची वायर येतेय. डबेवाले कानात बोटं घालून उभे. वरच्या गॅलऱ्यांमध्ये ज्यांना अजून काही कळलं नव्हतं तेही बाहेर आले. फ्यूज पुन्हा काढला असता तर एका क्षणात बंद झाला असता, हे तुम्हाला सुचतंय. मलाही आता सुचतंय.

मयुरीने हात पुढे केला आणि फ्यूज काढला. शांतता झाली. तिने तो माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "खिशात नका ठेवू."

एका काकांनी विचारलं, "मग काय निघालं?"

"लूज कनेक्शन," मी म्हणालो.

घड्याळात आठ पंचवीस. गाडी दुरुस्त झाली होती, पण गाडी होती कुठे? सीट भिंतीला टेकवलेली, टाकी चादरीवर, हँडलखालून वायरी लोंबतायत. हे सगळं जागेवर बसवायला अर्धा तास पाहिजे, आणि सेंटरला पोचायलाच अर्धा तास लागतो. आणि स्कूटर? तिचा नट गटारीत.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. खरी भीती. पोरीचं वर्ष मी माझ्या हाताने चादरीवर मांडून ठेवलं होतं.

"चाल बेटा, बस," लता म्हणाली.

मी वळून पाहिलं तर गर्दीतला खाकी शर्टवाला माणूस, जो सगळ्यात पुढे उभा राहून माझं काम बघत होता, तो रिक्षाकडे धावला. लताने त्याला आठ वाजताच कोपऱ्यावरून बोलावून आणलं होतं. मला काही न सांगता. पंचवीस मिनिटं बिचारा उभा होता. म्हणाला, "भाऊ, मजा आ गया." आणि दोघी मायलेकींना बसवून रिक्षा घेऊन गेला. माझे हात काळे, शर्ट टाकी उतरवताना काढलेला, अंगावर बनियन, मला बरोबर जायचीही सोय नव्हती.

त्यानंतरचे सहा तास मी कसे काढले ते मला विचारू नका. मयुरीचा मोबाईल परीक्षेत बंद. लताचा मोबाईल मी लावला तर तो स्वयंपाकघरात वाजला. गाडी जुळवली. मिलच्या जुन्या डब्यातून मापाचा नट शोधला आणि जयेशभाईंची स्कूटर चालू करून दिली. ते बिचारे एवढंच म्हणाले, "थाय एवुं." होतं असं. पण त्या दिवसापासून माझ्या ओट्यावर पाना दिसला की ते स्कूटर मागच्या गल्लीत लावतात. दुपारी लताने करून ठेवलेली भाजी-पोळी समोर घेतली आणि तशीच झाकून ठेवली. मेहुण्याला आता काय सांगू, हा विचारही मनात आला. खोटं कशाला बोला, तो बराच वेळ होता.

अडीचला रिक्षा थांबली. तोच रिक्षावाला.

लता उतरली, मागून मयुरी उतरली. मी तोंडाकडे बघतोय, काही कळेना. ती आत आली, चपला काढल्या, माठातलं पाणी प्यायली.

"पोचलीस का वेळेवर?"

"गेट ओढत होते. मम्मीने मधे हात घातला."

मी लताकडे पाहिलं. तिने मनगट दाखवलं, लाल झालं होतं.

"आणि पेपर?"

"बोर्डाची वायरिंग झाली मस्त. मग तोंडी घेतली. बाहेरचे सर होते. सकाळी मी धापा टाकत, ग्रीसच्या हातांनी आत शिरले ते त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी विचारलं, केम मोडुं थयुं, उशीर का झाला? मी सांगितलं, सर, गाडीला सप्लाय नव्हता. ते म्हणाले, इलेक्ट्रिशियनच्या गाडीला सप्लाय नाही? मग पुस्तकातलं राहू दे, हेच सांग. काय काय चेक केलं?"

मी खुर्चीवर बसलो.

"मी सांगितलं. आधी बॅटरी, साडेबारा. मग स्विच, शून्य. मग मधे फ्यूज. डबी उघडली तर फ्यूजच नाही. सर म्हणाले, डबीत फ्यूज नाही, मग पुढे काय तपासायचं?"

"मग?"

"मी म्हटलं, वायरमनचा खिसा."

लताने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलत होते.

"सर एवढे हसले की शेजारच्या टेबलावरचे सर उठून आले. म्हणाले, हे कोणत्याच पुस्तकात नाही, पण बरोबर आहे. पुढे दुसरा प्रश्नच विचारला नाही. म्हणाले, पूर्ण मार्क."

पूर्ण मार्क. मी उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला. काही झालं तरी शेवटी शिकवण कोणाची होती? मी पुन्हा खुर्चीवर ताठ बसलो. तरी एक शंका मनात होतीच, ती विचारून टाकली.

"माझं नाव नाही ना घेतलंस?"

"नाही पप्पा. मी कशाला घेऊ? मी म्हटलं, आमच्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांच्या खिशात सापडला."

"शाब्बास," मी म्हणालो. मला एवढं हायसं वाटलं की मी लताला पोळी गरम करायला सांगितली.

मयुरी हात पुसत म्हणाली, "पण सरांच्या समोर माझा फॉर्म होता ना. त्यात वडिलांचा व्यवसाय लिहिलेला असतो. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, हे काका तुमच्या घरीच राहतात का?"